न बोललेला नवस

अर्धा तास दिला होता मी त्यांना, समोसा खायला. फक्त अर्धा तास.

आमच्या शाळेची फुलपेटी अकोल्याच्या जिल्हास्तरीय विज्ञान प्रदर्शनात पहिली आली होती. बार्शीटाकळीच्या पुढे सात किलोमीटरवर आमची सरकारी शाळा. जिल्ह्यात पहिला नंबर ही गोष्ट आम्ही आजवर दुसऱ्यांच्या शाळांबद्दलच पेपरात वाचलेली. निकाल ऐकून मी इतकी खूश झाले की पेटी बनवणाऱ्या दहावीच्या दोघांना, शिवमला आणि मोनालीला, म्हटलं, जा, जठारपेठेत जाऊन काहीतरी खाऊन या, बसला वेळ आहे. मोनाली समोसा खाऊन आली. शिवम नाक टोचून आला.

उजव्या नाकपुडीत सोन्याची बारीक तार, नाक लालबुंद, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू. नंबर आला तेव्हाही पोरगं इतकं हसलं नव्हतं.

माझं नाव रागिणी. आईवडिलांनी नाव ठेवताना गाण्याचा विचार केला असावा, विद्यार्थ्यांनी रागाचा केला. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते आहे, आणि चिडले की सगळ्यात आधी माझी शुद्ध मराठी गळून पडते.

"काय करून आला बे हे?"

"नाक टोचलं, मॅडम."

"ते दिसून राहिलं मले. कोनाले इचारून?"

"आईले. फोन केल्ता. आई म्हणे, दुखते बरं. मी म्हटलं, दुखू दे."

"आन काहून पण?"

त्यानं जरा विचार केला. मला वाटलं, आता हा कुठल्या तरी क्रिकेटवाल्याचं नाहीतर नटाचं नाव घेईल आणि मग मी त्याला सोलून काढीन. त्यानं कोणाचंच नाव घेतलं नाही. म्हणाला, "मले आवडते, मॅडम."

बसमध्ये बार्शीटाकळी येईपर्यंत मी बोलत होते. आज नाक आवडलं, उद्या भुवई आवडेल, परवा काय? तो पेटी मांडीवर धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आज नाई आवडलं, मॅडम. चवथीत होतो तवापासून आवडते. जिल्ह्यात नंबर आला त टोचीन, असं ठरवलं होतं. सोनारानं आरसा देल्ला. पाह्यलं, आन वाटलं का, हां, आता बरोबर दिसून राहिलो मी."

 यावर मी तेच ते पुन्हा बोलले.

शिवमबद्दल सांगायला हवं. त्याच्या घरी एकरभर शेवंती आणि निशिगंध. बाप योगेश पहाटे फुलं घेऊन अकोल्याला जातो. उन्हाळ्यात दुपारपर्यंत जी विकली गेली नाहीत ती कोमेजून जातात. या पोरानं भंगारातल्या कूलरची गवताची ताटी घेतली, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा घेतला, तळहाताएवढी सोलर प्लेट लावली आणि अशी पेटी बनवली की तिच्यात फुलं तीन दिवस टवटवीत राहतात. चार महिने तो रोज सकाळी शाळेच्या तराजूवर फुलं मोजत होता. मध्ये एक दिवस पंखा बंद पडला आणि फुलं गेली. मी म्हटलं, हा दिवस वहीतून गाळ, परीक्षकांना कशाला दाखवायचा? तर मलाच म्हणाला, "कोमेजली ना, मॅडम? मंग कोमेजली, ते लिहा लागल." मी त्याला रागावले होते. घरी जाऊन नवऱ्याला मात्र कौतुकानं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत व्हायचं ते झालं. आमच्या व्हरांड्यात शिस्तीचे बारा नियम रंगवलेले आहेत. नववा असा: विद्यार्थ्यांनी अंगावर दागिने घालू नयेत, धार्मिक बाब असल्यास पालकांचा अर्ज द्यावा. मुलींच्या नाकातली चमकी आजवर या नियमात कोणाला दिसली नव्हती. शिवमची तार परिपाठातच दिसली.

मुख्याध्यापक तराळे सर माणूस वाईट नाही. शाळेच्या पत्र्यासाठी, मुलींच्या संडासासाठी त्यांनी जिल्हा परिषदेत चपला झिजवल्या आहेत. पण नियम म्हटला की ते देवासमोर उभं राहावं तसे उभे राहतात. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"पंधरा दिवसांनी अमरावतीला विभागीय प्रदर्शन. पाच जिल्ह्यांच्या शाळा, सगळे अधिकारी. तिथं हा नाकात चमकी घालून उभा राहणार? लोक पेटी पाहतील की नाक? तार काढ, शिवम."

"सर, काढली त भोक बुजते."

"बुजू दे."

"नाई, सर."

उद्धटपणे नाही. पंगतीत पोट भरल्यावर कोणी पोळी नको म्हणतं, तितक्या साधेपणानं. सरांनाही रागवायला जागा सापडेना. ते म्हणाले, "मग पुढच्या शुक्रवारी यादी पाठवायची आहे. तोपर्यंत तार निघाली नाही तर मोनाली एकटी जाईल."

पोरगं "बरं, सर" म्हणून वर्गात गेलं. मी बाहेर येऊन नववा नियम तीनदा वाचला.

वर्गातली पोरं त्याला शिवानी म्हणायला लागली. तो "हां, बोल" म्हणायचा आणि हातातलं काम करत राहायचा. ओ देणाऱ्याला चिडवण्यात काय मजा? चार दिवसांत पोरं कंटाळली. मला नाही तसं कंटाळता आलं. त्यानं चार महिने घाम गाळलेली पेटी त्याच्याशिवाय अमरावतीला जाणार, हे मला सहन होईना. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, तार काढून कडुनिंबाची बारीक काडी घाल, दुरून दिसत नाही, भोकही बुजत नाही, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

"लपवाचंच असतं त टोचलं कायले असतं, मॅडम?"

"अमरावतीले नाई जाशील मंग!"

"मले जाचं हाये, मॅडम. लय जाचं हाये." एवढं बोलून त्यानं खाली पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. मला वाटलं, आता काढतो. त्यानं नाही काढली.

तोडगा दिला आमच्या नत्थुजींनी. नत्थुजी शाळेचे शिपाई, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. चहा ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, माह्यं नाव नत्थू काहून हाये, मालूम हाये का तुमाले?" आणि त्यांनी चष्मा वर करून उजवी नाकपुडी दाखवली. तिथं जुन्या भोकाची बारीक खूण होती.

त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून ते झाले तेव्हा आईनं नवस बोलून त्यांचं नाक टोचलं, नथ घातली आणि नाव नत्थू ठेवलं. सटवीला वाटावं, ही पोरगी आहे, हिला काय न्यायचं. मरणालासुद्धा मुलगी नकोशी, असा त्यामागचा हिशेब. एरवी यावर मी तासभर चिडले असते, पण शुक्रवार जवळ आला होता.

"नवसाचं नाक म्हटलं का कोनी काई बोलत नाई, मॅडम," नत्थुजी म्हणाले. "नववा नियम पाहा ना तुमी. धार्मिक बाब!"

मी त्याच दुपारी अर्ज लिहिला. माझं अक्षर छान आहे, अर्जाची भाषा तर त्याहून छान. 'माझ्या पत्नीची यापूर्वीची तीन अपत्ये दगावल्याने चि. शिवम याच्या जन्मावेळी नवस बोलण्यात आला होता. सदर नवसापोटी त्याचे नाक टोचले असून, ही आमच्या घराण्याची श्रद्धेची बाब आहे. तरी नियम क्र. ९ मधून सूट मिळावी, ही नम्र विनंती.' लिहून झाल्यावर मी तो दोनदा वाचला आणि स्वतःवरच खूश झाले. नत्थुजी शिवमच्याच गल्लीत राहतात. पहाटे टेम्पोत फुलं भरणाऱ्या योगेशपुढे त्यांनी कागद धरला. मॅडमनं दिला म्हटल्यावर त्यानं न वाचता सही केली.

तराळे सरांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहराच मऊ झाला. "अरेरे. तीन? आधी सांगायचं ना हे. श्रद्धेपुढे आपण कोण?" त्यांनी सूट मंजूर केली आणि यादीत शिवमचं नाव घातलं. शिवमला मी इतकंच सांगितलं की परवानगी मिळाली. "कशी काय, मॅडम?" "मिळाली ना? मंग पंख्याची वायर पाह्य." तो धावत प्रयोगशाळेत गेला. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

नत्थुजींनी ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली होती. तिनंही फक्त शेजारणीला सांगितली. अर्ज खोटा आहे, एवढंच वाटेत गळालं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत शिवमची आई सत्यभामा शिक्षक-खोलीत आली. फुलं तोडता तोडता उठून आली असावी, ओटीत शेवंती तशीच होती. मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मॅडम, मी कोन्या देवीले बोलली?"

मला कळलं. तरी मी म्हटलं, "कशाबद्दल, ताई?"

"कालपासून बाया येऊन राहिल्या घरी. नारय घेऊन, हयदीकुंकू घेऊन. नवस कोन्या देवीचा, सांग म्हणे. एक जन बिमार लेकरू घेऊन आली, शिवमचा हात फिरव म्हणे याच्या डोक्यावरून. माही सख्खी जाऊ रडली माह्या गयात पडून. म्हणे, तीन लेकरं गेली तुही, आन आमाले पत्ता लागू देल्ला नाई!" बोलता बोलता तिचा आवाज चढला. "मॅडम, मले दोनच लेकरं. शिवम आन त्याची बहीन पिंकी. दोन्ही जित्ती, दोन्ही धडधाकट. मी कदी एक लेकरू हातचं जाऊ देल्लं नाई. आन तुमी एका कागदावर तीन मारून टाकली माही?"

सव्वीस वर्षांत पालकांनी मला पुष्कळ ऐकवलं आहे आणि मी त्यांना त्याहून जास्त. त्या दिवशी मात्र मी नुसतं ऐकून घेतलं. मी फक्त अर्जाची भाषा पाहिली होती. ती तीन लेकरं कोणाच्या पोटची लिहितो आहोत, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. अशी लाज की डोळे वर करवेनात.

शिवम दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. "मॅडम, असं लिहून देल्लं होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"मी सरले सांगतो, खोटं हाये म्हणून."

"अरे, उद्या यादी जाते. नाव कटते तुह्यं."

"कटू द्या. आईची लेकरं मारून कोन्त्या परदर्शनाले जाऊ मी?"

आणि तो निघालासुद्धा. त्याच्या मागे सत्यभामा, तिच्यामागे मी. तराळे सर जेवणाचा डबा आवरत होते. आत जाऊन शिवम सरळ उभा राहिला.

"सर, तो अर्ज खोटा हाये. माह्या आईचं एकही लेकरू गेलं नाई. नवस कोनी बोललं नाई."

सरांनी डब्याचं झाकण तसंच हातात धरलं. "मग नाक का टोचलंस?"

"मले आवडते म्हणून, सर."

"आणि हा अर्ज? सही तुझ्या वडिलांची आहे, अक्षर नाही. कोणी लिहिला?"

"ते मी नाई सांगणार, सर."

पंधरा वर्षांचं पोर. ज्या बाईनं त्याच्या आईला गावासमोर असं उभं केलं, तिचं नाव घ्यायचं नाकारत होतं. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल जे वाटलं, ते मला आजवर कुठल्या विद्यार्थ्याबद्दल वाटलेलं नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, "मी लिहिला, सर. सगळा मजकूर माझा. योगेशनं वाचलाही नव्हता, नत्थुजींनी नुसता पोचवला. मी लेखी देते."

सर खुर्चीत बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. कपाटातून यादी काढून त्यांनी पेन हातात घेतलं. "मॅडम, तुमचं नंतर पाहतो. शिवम, तू खरं बोललास, चांगलं केलंस. पण मग सूट कशाच्या आधारावर देऊ? धार्मिक असतं तर गोष्ट वेगळी. 'आवडते' हे काय कारण झालं?"

"बरं, सर," शिवम म्हणाला आणि जायला वळला. एक शब्द घासाघीस नाही. पण त्याची हनुवटी थरथरत होती, आणि ती त्याच्या आईनं पाहिली.

सत्यभामा टेबलाजवळ आली. "सर, एक इचारू? राग येऊ देऊ नोका."

"विचारा ना, ताई."

"तुमी मिशी ठेवली, ते कोन्या देवाले बोलले होते?"

तराळे सरांची मिशी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. दोन्ही बाजूंनी वर वळवलेली, दर रविवारी कात्रीनं बसवलेली. सरांचा हात आपोआप तिच्यावर गेला. "देवाला? छे हो. नवसाची नाही. बायको तर वीस वर्षांपासून काढा म्हणते. मला आवडते म्हणून..."

आणि ते थांबले.

 दाराबाहेर नत्थुजींना हसू आलं आणि ते खोकल्यावर भागवायचा त्यांनी प्रयत्न केला. सरांनी मिशीवरचा हात काढला, पुन्हा नेला, पुन्हा काढला. मग मानेपासून कपाळापर्यंत लाल झाले आणि शेवटी हसले. बराच वेळ हसले. शाळेत येऊन त्यांना सहा वर्षं झाली, त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"ताई, नवा अर्ज द्या," ते म्हणाले. "जे आहे ते लिहा."

सत्यभामा सातवी शिकलेली. टेबलाशी बसून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. मी मदत करू का विचारलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. तिनं लिहिलं: 'शिवमले नाकात तार आवडते. मलेबी त्याच्या नाकात ते आवडते. त्याले अमरावतीले जाऊ द्यावे.' खाली सही. सरांनी त्यावर 'परवानगी आहे' असं लिहून शिक्का मारला. अमरावतीत कोणी विचारलं तर काय सांगायचं, असं मी विचारायला तोंड उघडलं, तर सर म्हणाले, "मॅडम, ते त्याला विचारतील, तो सांगेल. तुम्ही कृपा करून काही लिहू नका."

मला लेखी समज मिळाली. मिळायलाच हवी होती. माझा तो अर्ज सत्यभामेनं मागून घेतला आणि तिथंच फाडला, इतका बारीक की एक अक्षर उरू नये. तुकडे शेवंतीबरोबर ओटीत टाकले. मी हात जोडले. म्हटलं, "ताई, माझं चुकलं. फार चुकलं."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "संध्याकाई घरी येजा जेवाले."

"मी? अहो, आता कोणत्या तोंडानं..."

"याच तोंडानं या. माही दोन्ही लेकरं डोयानं पाहून जा एकडाव."

मी गेले. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सत्यभामेनं मला नावं सांगितली, हा शिवम, हे पिंकी, आन झालं. मग आम्ही सगळे खाली बसलो. तिखट रस्सा आणि भाकरी होती. जेवण झाल्यावर तिनं खोबरेल तेलात बोट बुडवलं, शिवमची हनुवटी धरली आणि ताज्या भोकात चिकटू नये म्हणून ती तार हळूहळू फिरवली. तो "आई वं!" म्हणून ओरडला. ती म्हणाली, "आवडते ना? मंग बस गुपचूप." पिंकी हसत सुटली, आणि मीही.